सत्येंद्रनाथ बोस: आयुष्य, काम आणि ‘बोसॉन’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतीय भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस यांच्याबद्दल आपल्याकडे दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक, त्यांनी आइन्स्टाइनना पत्र पाठवलं. दोन, त्यांना नोबेल मिळालं नाही. दोन्ही खऱ्या आहेत, पण त्या पत्रासोबतच्या लेखात काय होतं हे फार थोडे लोक सांगतात. या पानावर म्हणूनच सगळ्यात जास्त जागा त्या लेखाला दिली आहे.

बोस यांनी नेमकं काय केलं?

त्यांनी प्रकाशकण मोजायची नवी रीत दिली. तापलेल्या वस्तूतून बाहेर पडणाऱ्या प्रारणाचं (प्रकाश आणि उष्णतेच्या किरणांचं) सूत्र माक्स प्लांक यांनी १९०० मध्ये मांडलं होतं. ते सूत्र प्रकाश म्हणजे कण एवढं मानूनच, जुन्या तरंगसिद्धांताचा आधार न घेता मिळवता येतं, हे बोस यांनी १९२४ मध्ये दाखवलं. त्यासाठी त्यांनी वापरलेली मोजणी आज बोस-आइन्स्टाइन सांख्यिकी म्हणून ओळखली जाते. निसर्गातले मूलभूत कण दोनच घराण्यांत विभागले जातात आणि त्यांपैकी एका घराण्याला, म्हणजे ‘बोसॉन’ना, बोस यांचं नाव आहे.

प्लांक यांचं सूत्र आधीच बरोबर होतं, मग अडचण कसली?

सूत्र प्रयोगाशी तंतोतंत जुळत होतं, त्याची सिद्धता मात्र डळमळीत होती. सूत्राचे दोन भाग पडतात. ठरावीक वारंवारतेच्या आसपास प्रारणाला किती अवस्था उपलब्ध आहेत, हे पहिला भाग सांगतो. त्या प्रत्येक अवस्थेत सरासरी किती ऊर्जा असेल, हे दुसरा. प्लांक यांनी दुसऱ्या भागात ऊर्जेचे तुकडे मानले, पण पहिला भाग मॅक्सवेल यांच्या विद्युतचुंबकीय तरंगांच्या सिद्धांतातून जसाच्या तसा उचलला. ऊर्जा तुकड्यातुकड्यांनी मिळते असं म्हणायचं आणि ती सलग वाहते असं मानणाऱ्या सिद्धांतावर उभं राहायचं, हा सरळसरळ अंतर्विरोध होता.

आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये प्रकाशकणांची कल्पना मांडली आणि १९१६-१७ मध्ये प्लांकसूत्राची एक सुंदर नवी सिद्धता दिली. तिलाही जुन्या भौतिकशास्त्राचा टेकू लागलाच. ढाक्यात एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवताना बोस यांना ही विसंगती सतत टोचत होती. १९२४ च्या सुरुवातीला त्यांचे भौतिकशास्त्रज्ञ मित्र मेघनाद साहा ढाक्याला आले. पाउली तसंच आइन्स्टाइन आणि एरेनफेस्ट यांच्या ताज्या लेखांकडे त्यांनी बोस यांचं लक्ष वेधलं. त्यानंतर काही महिन्यांतच बोस यांचा लेख तयार झाला.

ही वेगळी मोजणी म्हणजे काय? सोप्या भाषेत सांगता येईल का?

येईल, फक्त सावकाश वाचा, कारण बोस यांच्या कामाचा गाभा हाच आहे.

दोन नाणी उडवली तर चार शक्यता असतात: दोन्ही छापा, दोन्ही काटा, पहिलं छापा दुसरं काटा, आणि पहिलं काटा दुसरं छापा. दोन्ही नाणी सारखीच पडण्याची शक्यता चारातली दोन, म्हणजे निम्मी. नाणी दिसायला कितीही सारखी असली तरी हा हिशोब बदलत नाही. एक नाणं हे आहे आणि दुसरं ते आहे, प्रत्येकाचा मार्ग वेगळा आहे.

आता नाण्यांऐवजी दोन प्रकाशकण आणि छापा-काट्याऐवजी दोन अवस्था घ्या. इथे ‘पहिला कण’ आणि ‘दुसरा कण’ या म्हणण्यालाच काही अर्थ उरत नाही. कणांची अदलाबदल केली तर नवी स्थिती मिळत नाही, तीच स्थिती राहते. म्हणून शक्यता तीनच उरतात: दोन्ही या अवस्थेत, दोन्ही त्या अवस्थेत, किंवा दोन्ही अवस्थांत एकेक. तिन्हींना सारखंच वजन दिलं की दोन्ही कण एकाच अवस्थेत सापडण्याची शक्यता निम्म्यावरून दोन-तृतीयांशावर जाते. कणांमध्ये कुठलंही आकर्षणबल नसताना, केवळ मोजणी बदलल्यामुळे ते एकत्र सापडण्याकडे झुकतात!

बोस यांच्या लेखात नाणी नाहीत आणि ‘हे कण एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत’ असं वाक्यही नाही. त्यांनी स्थान आणि संवेग (मोमेंटम) यांचा मिळून होणारा सहा मितींचा अवकाश घेतला आणि त्याचे प्लांकच्या स्थिरांकाच्या घनाएवढे छोटे कोठे पाडले. अवस्थांची संख्या म्हणजे या कोठ्यांची संख्या. मॅक्सवेलचा सिद्धांत न वापरता सूत्राचा पहिला भाग असा थेट मिळाला. मग त्यांनी प्रत्येक कण कुठे आहे हे विचारलंच नाही. किती कोठे रिकामे आहेत, किती कोठ्यांत एक कण आहे, किती कोठ्यांत दोन, एवढंच त्यांनी मोजलं. प्रश्न कणांकडून कोठ्यांकडे वळवताच कणांची वैयक्तिक ओळख हिशोबातून आपोआप गळून पडली. एकूण ऊर्जा कायम ठेवून सगळ्यात संभाव्य मांडणी शोधली आणि समोर प्लांकचं सूत्र आलं.

वर्गात शिकवताना चूक झाली आणि त्यातून शोध लागला, हे खरं आहे का?

ही गोष्ट लोकप्रिय आहे, पण लेख वाचल्यावर ती टिकत नाही. प्लांक आणि आइन्स्टाइन यांच्या सिद्धतांमध्ये नेमकं काय खटकतं याची मांडणी लेखाच्या सुरुवातीलाच आहे आणि पुढची प्रत्येक पायरी त्या उणिवेला उत्तर देते. फळ्यावर झालेल्या चुकीतून असा लेख निघत नाही.

मात्र आपण केलेलं काम किती नवं आहे याची पूर्ण जाणीव आपल्याला त्या वेळी नव्हती, असं बोस यांनीच पुढे एका मुलाखतीत सांगितलं आहे. जुनी मोजणी मोडतोय असं त्यांना वाटलं नाही. आपण स्वाभाविकपणे मोजतोय असंच त्यांना वाटत होतं. मला त्यांच्या कामातली ही बाब सगळ्यात विलक्षण वाटते.

लेख थेट आइन्स्टाइन यांनाच का पाठवला?

आधी तो इंग्लंडच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’कडे गेला होता. तिथे तो छापला गेला नाही. ४ जून १९२४ रोजी बोस यांनी तो आइन्स्टाइनना पाठवला. त्या वेळी ते तीस वर्षांचे होते. पत्रात त्यांनी लिहिलं की मी तुम्हाला अनोळखी असलो तरी ही विनंती करताना संकोच वाटत नाही, कारण तुमच्या लेखनातून शिकलेले आम्ही सगळे तुमचे शिष्यच आहोत. जर्मन भाषांतर करण्याइतकं जर्मन आपल्याला येत नाही, लेख योग्य वाटला तर तो ‘त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजिक’ या नियतकालिकात छापून आणावा, असंही त्यांनी सुचवलं. सापेक्षतेवरच्या लेखांचं इंग्रजी भाषांतर करण्याची परवानगी कलकत्त्याहून कोणीतरी मागितली होती, याची आठवणही करून दिली. ते भाषांतर बोस आणि साहा यांचं. कलकत्ता विद्यापीठाने ते १९२० मध्ये पुस्तकरूपात प्रसिद्ध केलं होतं.

आइन्स्टाइन यांनी लेख स्वतः जर्मनमध्ये उतरवला. जुलैच्या सुरुवातीलाच तो नियतकालिकाकडे पोहोचला. खाली त्यांनी आपली टीप जोडली: बोस यांची ही सिद्धता म्हणजे महत्त्वाची प्रगती आहे आणि हीच पद्धत आदर्श वायूलाही लागू पडते.

मग आइन्स्टाइन यांनी फक्त भाषांतर केलं का? सिद्धांताला दोघांचं नाव कसं?

नाही, पुढचं पाऊल पूर्णपणे आइन्स्टाइन यांचं आहे. बोस यांनी प्रकाशकण मोजले होते. आइन्स्टाइन यांनी तीच मोजणी अणूंच्या वायूला लावली. प्रकाशकण निर्माण होतात आणि नाहीसे होतात, अणूंची संख्या मात्र कायम राहते. या एका फरकातून, वायू पुरेसा थंड केला तर अणूंचा मोठा भाग सगळ्यात खालच्या अवस्थेत जाऊन साचेल असा निष्कर्ष निघाला. यालाच बोस-आइन्स्टाइन संघनन म्हणतात. संघननाचं भाकीत बोस यांचं नव्हे, आइन्स्टाइन यांचं. बोस यांच्यावरच्या प्रेमापोटी हे श्रेय त्यांच्याकडे वळवायची काही गरज नाही.

पॉल एरेनफेस्ट यांनी त्याच काळात आक्षेप घेतला होता: या मोजणीत कण एकमेकांपासून स्वतंत्र मानलेलेच नाहीत. आइन्स्टाइन यांनी ते मान्य केलं आणि कणांमध्ये एक गूढ स्वरूपाचा परस्परप्रभाव असल्याचं हे लक्षण आहे, असं लिहिलं. त्या गूढाचा उलगडा फर्मी आणि डिरॅक यांनी १९२६ मध्ये दुसऱ्या घराण्याची सांख्यिकी मांडल्यावर आणि पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) उभी राहिल्यावर झाला.

बोस यांनी लगोलग दुसरा लेखही पाठवला होता. आइन्स्टाइन यांनी त्याचंही भाषांतर करून छापला, पण सोबत आपला विरोधही नोंदवला.

जगदीशचंद्र बोस आणि सुभाषचंद्र बोस हे त्यांचे नातेवाईक का?

नाही. जगदीशचंद्र प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये त्यांचे शिक्षक होते, एवढाच संबंध.

त्यांचं बालपण आणि शिक्षण कुठे झालं?

जन्म १ जानेवारी १८९४, कलकत्ता. वडील सुरेंद्रनाथ ईस्ट इंडियन रेल्वेत नोकरीला होते. सहा बहिणींच्या पाठराखणीला हा एकच भाऊ. हिंदू स्कूलमधल्या गणिताच्या शिक्षकांनी त्यांना शंभरपैकी एकशेदहा गुण दिले होते असं सांगतात, कारण काही गणितं त्यांनी एकापेक्षा जास्त रीतींनी सोडवली होती. प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्रांबरोबर प्रफुल्लचंद्र रायही शिकवायला होते आणि वर्गात मेघनाद साहा. १९१३ ची बी.एस्सी. आणि १९१५ ची एम.एस्सी. या दोन्ही परीक्षांत बोस पहिले आले, साहा दुसरे. दोघांनी मिळून जर्मन आणि फ्रेंच पुस्तकं मिळवून नवं भौतिकशास्त्र स्वतःच शिकून घेतलं, कारण ते शिकवणारं कलकत्त्यात कोणी नव्हतं.

पीएच.डी. त्यांनी कधीच केली नाही.

ते ढाक्याला कसे गेले? आइन्स्टाइन यांच्या शिफारशीमुळे प्राध्यापक झाले का?

ढाका विद्यापीठ १९२१ मध्ये सुरू झालं आणि बोस तिथे पहिल्या वर्षापासून रीडर (प्राध्यापकाच्या खालच्या पदावर) होते. आइन्स्टाइन यांनी पाठवलेल्या कौतुकाच्या पोस्टकार्डाचा उपयोग मात्र खरोखर झाला. ते दाखवल्यावर विद्यापीठाने त्यांना परदेशी जायला दोन वर्षांची रजा दिली आणि जर्मन वकिलातीने शुल्क न घेता व्हिसा दिला, अशी आठवण बोस सांगत.

प्राध्यापकपद तितक्या सहज मिळालं नाही. पीएच.डी. नसल्याने आइन्स्टाइन यांची शिफारस घ्यावी लागली, तरी निवडीत देबेंद्रमोहन बोस यांचं नाव वर राहिलं. त्यांनी ते पद नाकारल्यावर १९२७ मध्ये सत्येंद्रनाथ प्राध्यापक आणि विभागप्रमुख झाले. पुढे १९४५ पर्यंत ते ढाक्यातच होते. म्हणजे त्यांच्या उमेदीच्या काळातलं जवळपास सगळं काम आज बांगलादेशात असलेल्या विद्यापीठात झालं. भारतात याचा विसर पडतो, तो पडू नये.

युरोपात त्यांनी काय केलं?

१९२४ च्या शरदात ते पॅरिसला पोहोचले. तिथे पॉल लांजव्हँ यांनी मदत केली. मॉरिस द ब्रॉयी यांच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांचं तंत्र शिकता आलं. मेरी क्युरी यांच्याकडे गेले, तेव्हा क्युरी यांनी आधी काही महिने फ्रेंच शिकून या, असं इंग्रजीत समजावलं. बोस यांना फ्रेंच उत्तम येत होतं, पण क्युरी यांच्या बोलण्यात मध्येच शब्द टाकणं त्यांना जमलं नाही.

बर्लिनला ते १९२५ च्या ऑक्टोबरात गेले आणि तिथे आइन्स्टाइन यांची भेट झाली. पुंजयामिकी जन्माला येत होती तेच हे महिने. बोस हे सगळं जवळून बघत होते, पण त्यात त्यांची स्वतःची मोठी भर पडली नाही.

हिग्ज बोसॉन त्यांनी शोधला का?

नाही. ४ जुलै २०१२ रोजी सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेने हिग्ज कण सापडल्याचं जाहीर केलं, तेव्हा आपल्याकडे हा गैरसमज जोरात पसरला. हिग्ज कणाची कल्पना १९६४ मधली आणि ती पीटर हिग्ज व इतर शास्त्रज्ञांची आहे. तो कण बोस यांच्या सांख्यिकीचं पालन करतो, म्हणून तो ‘बोसॉन’.

हे नाव पॉल डिरॅक यांनी १९४५ मध्ये पॅरिसमधल्या एका व्याख्यानात दिलं. प्रकाशकण, ग्लुऑन, डब्ल्यू आणि झेड कण हे सगळे बोसॉन. इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, न्यूट्रॉन हे फर्मिऑन, एका अवस्थेत दुसऱ्याला येऊ न देणारे. डिरॅक कलकत्त्याला आले असतानाचा एक किस्सा सांगितला जातो. बोस यांनी डिरॅक दांपत्याला गाडीत मागे बसवलं आणि स्वतः काही विद्यार्थ्यांसह पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसले. गर्दी होत नाही का, असं डिरॅक यांनी विचारल्यावर बोस म्हणाले, “आमचा बोस सांख्यिकीवर विश्वास आहे.”

संघनन प्रत्यक्षात कधी दिसलं?

पहिला सुगावा १९३८ मध्ये लागला. द्रवरूप हेलियम २.१७ केल्विनच्या खाली नेलं की ते घर्षणाशिवाय वाहतं, असं त्या वर्षी आढळलं आणि यामागे हेच संघनन असावं असं फ्रिट्झ लंडन यांनी सुचवलं. पण द्रवात अणू एकमेकांवर जोराने बल लावतात, त्यामुळे आइन्स्टाइन यांनी मांडलेलं शुद्ध चित्र तिथे दिसत नाही.

वायूत ते दिसायला १९९५ साल उजाडलं. अमेरिकेत बोल्डर इथे एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी रुबिडियमचे सुमारे २,००० अणू केल्विनच्या एक कोट्यांशाहूनही थोड्या जास्त तापमानापर्यंत, म्हणजे सुमारे १७० नॅनोकेल्विनपर्यंत थंड केले आणि ते एकाच अवस्थेत गेले. काही महिन्यांतच एमआयटीत वोल्फगांग केटर्ले यांनी सोडियमच्या अणूंबाबत ते साधलं. तिघांना २००१ चं नोबेल मिळालं. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या प्रयोगशाळेतही असं संघनन घडवलं जात आहे.

रोजच्या आयुष्यात याचा काही संबंध?

लेसर. एखाद्या अवस्थेत जितके प्रकाशकण आधीच असतील, तितकी नव्या प्रकाशकणाची त्याच अवस्थेत येण्याची शक्यता वाढते. दुकानातला बारकोड वाचणारा किरण आणि समुद्रतळाच्या काचतंतूंतून जाणारा आपला इंटरनेटचा संदेश, दोन्ही यावरच चालतात. रुग्णालयातल्या एमआरआय यंत्रात अतिसंवाहक (विजेला रोध न करणाऱ्या) तारांची गुंडाळी असते. त्यात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात आणि सगळ्या एकाच अवस्थेत वावरतात. इथे मात्र बोस यांची मोजणी एकटी पुरत नाही, जोड्या कशा जमतात हे १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी दाखवावं लागलं.

नोबेल का मिळालं नाही?

१९५६ ते १९६२ या काळात त्यांचं नाव चार वेळा सुचवलं गेलं. समितीसाठी ऑस्कर क्लाइन यांनी कामाचं मूल्यमापन केलं आणि ते पारितोषिकाच्या तोडीचं नाही असं मत दिलं. माझ्या मते हा निर्णय चुकीचा होता. कणांची मोजणी बदलणारा तो लेख एकटाच पुरेसा होता. पण यामागे कुणाचं कारस्थान होतं असं म्हणायला आधार नाही. सुचवणारे थोडे होते, सुचवलं गेलं तेही लेखानंतर तीस-पस्तीस वर्षांनी, आणि संघननाचा स्वच्छ प्रयोग अजून तीन दशकं दूर होता.

देशात मान मिळाला. १९५४ मध्ये पद्मविभूषणच्या पहिल्याच यादीत त्यांचं नाव होतं. त्याच यादीत मुंबई राज्याचे मुख्यमंत्री राहिलेले बाळ गंगाधर खेरही होते. १९५८ मध्ये बोस रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि १९५९ मध्ये राष्ट्रीय प्राध्यापक.

१९२४ नंतर त्यांनी काही मोठं का केलं नाही?

त्या तोडीचं दुसरं काम झालं नाही, हे खरं. त्यांचे एकूण शोधनिबंध जेमतेम दोन डझन आहेत. पण ते रिकामे बसले नव्हते. ढाक्यात त्यांनी क्ष-किरण स्फटिकशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली आणि रसायनशास्त्रातही हात घातला. १९५०च्या दशकात एकीकृत क्षेत्रसिद्धांतावर लेख लिहिले. विद्यार्थी अडला की त्याचं गणित सोडवून द्यायचं आणि स्वतःचं नाव कुठेच लावायचं नाही, ही त्यांची सवय होती. त्यांच्या आवडी अनेक होत्या: एस्राज हे तंतुवाद्य वाजवायचे, साहित्यिकांच्या मैफलीत रमायचे. रवींद्रनाथ ठाकूर यांनी विज्ञानावर लिहिलेलं ‘विश्वपरिचय’ हे १९३७ चं पुस्तक बोस यांनाच अर्पण केलं आहे.

मातृभाषेतून विज्ञान शिकवण्याबद्दल ते काय म्हणत?

बंगालीतून विज्ञान शिकवता येत नाही असं म्हणणाऱ्याला एकतर बंगाली येत नाही, किंवा विज्ञान कळत नाही, अशी त्यांची ठाम भूमिका होती. हे त्यांनी नुसतं बोलून सोडलं नाही. जानेवारी १९४८ मध्ये कलकत्त्यात त्यांनी बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली आणि ‘ज्ञान ओ विज्ञान’ हे मासिक सुरू केलं. बंगालीत लोकांसाठीचं लेखन ठीक, पण मूळ संशोधन कसं मांडणार, असा आक्षेप यायचा. १९६३ मध्ये त्या मासिकाचा एक अंक केवळ मूळ शोधनिबंधांचा काढून त्याला उत्तर दिलं गेलं. त्याआधी १९६२ मध्ये ते जपानला गेले होते. तिथले शास्त्रज्ञ अवघड चर्चा जपानीत करतात हे बघून त्यांचं मत आणखी पक्कं झालं.

मुंबईत मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये सुरू झाली. मराठीतून भौतिकशास्त्र शिकवताना परिभाषेची अडचण येते हे मला ठाऊक आहे. पण बोस यांचं उदाहरण वेगळं आहे, कारण ते इंग्रजी, फ्रेंच, जर्मन वाचणारे होते आणि तरी एम.एस्सी.च्या वर्गात बंगालीतून बोलत. आपल्याला नीट कळलेली गोष्ट आपण आपल्या भाषेत सांगू शकतो, हे त्यांच्यासाठी तत्त्व नव्हतं, रोजचा व्यवहार होता.

त्यांचं निधन कधी झालं?

४ फेब्रुवारी १९७४ रोजी, कलकत्त्यात. तिथेच १९८६ मध्ये त्यांच्या नावाचं मूलभूत विज्ञान केंद्र स्थापन झालं.

मूळ लेख वाचता येतो का? तो समजायला किती गणित लागतं?

जरूर वाचा. लेख अवघ्या चार पानांचा आहे आणि त्याची इंग्रजी भाषांतरंही उपलब्ध आहेत. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचं गणित पुरतं: मोठ्या संख्यांच्या क्रमगुणितासाठी स्टर्लिंगचं सूत्र आणि अट घालून महत्तम मूल्य काढायची लाग्रांजची रीत. वाचताना दोन जागी थांबा. कोठ्यांची संख्या काढल्यावर ध्रुवीकरणासाठी तिला दोनने गुणावं लागतं असं लेख अगदी ओझरतं म्हणतो, ते दोन कुठून आले याचा स्वतः विचार करून बघा. आणि महत्तम मूल्य काढताना एकूण ऊर्जेची अट आहे, एकूण कणसंख्येची नाही, हे तपासा. मग कणसंख्येची अटही घालून तेच गणित पुन्हा सोडवा. आइन्स्टाइन यांच्या वायूच्या लेखाच्या गाभ्यापाशी तुम्ही पोहोचलेले असाल.